हिशोब मागणारे

पुढारी कसा असावा यावर आपल्याकडे भाषणं रग्गड झाली. मला उलटा प्रश्न पडतो. त्याच्या मागे चालणारा कसा असावा?

इतवारीत या. मस्कासाथात पोती वाहणाऱ्या हमालांची टोळी पाहा. टोळीला मुकादम असतो. लय शिकलेला नसतो, भाषण तर त्याला येतच नाही. पण संध्याकाळी मजुरी वाटताना सगळ्यांचे डोळे त्याच्या हातावर. किती गाड्या उतरल्या हे प्रत्येकाच्या पाठीला मालूम असते. चार आणे दाबले तर उद्या टोळी दुसऱ्याची. १९६९ च्या माथाडी कायद्याने मजुरी मंडळात भरायची सोय केली, म्हणजे हाच हिशोब कागदावर आणला.

समितीचं काम वेगळं. वामनराव गोडबोले रेल्वेतले नोकरदार. १४ ऑक्टोबर १९५६ च्या धम्मदीक्षेचा भार नागपूरच्या बौद्धजन समितीवर होता आणि हे तिचे सचिव. लाखो माणसं येणार, त्यांची जागा, पाणी, बंदोबस्त. इथे मुकादमाचा दरारा कामाचा नाही. इथे माणूस मागे राहून राबणारा पाहिजे. आज दीक्षाभूमीवर जाणाऱ्या किती जणांना हे नाव ठाऊक आहे? (ठाऊक नसावं असं मात्र मी म्हणत नाही.)

आता पक्ष. ३ ऑक्टोबर १९५७ ला याच नागपुरात रिपब्लिकन पक्ष उभा राहिला. दोन वर्षं होत नाहीत तोच दुरुस्त-नादुरुस्त अशी भांडणं. आणि गंमत पाहा, १९६४ च्या डिसेंबरात दादासाहेब गायकवाडांच्या हाकेवर भूमिहीनांनी देशभरचे तुरुंग भरले. माणूस तोच, लोकही तेच. मग सत्याग्रह जमतो आणि पक्ष का जमत नाही? मला वाटते, सत्याग्रहात हिशोब रोजचा असतो. पुढारी गजाआड गेला की नाही, सगळ्यांना दिसते. पक्षात तसा दिवसच येत नाही. तिथे बाबासाहेबांच्या जवळ कोण होता, यावर मोठेपण ठरत गेलं. आणि आपण हार घेऊन उभे.

बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ ला घटना समितीत बजावलं होतं, राजकारणात भक्ती ही अधोगतीची आणि हुकूमशाहीची वाट आहे. ते काय फक्त काँग्रेसवाल्यांसाठी बोलले होते?

जो हमाल चार आण्यांसाठी मुकादमाची गचांडी धरतो, तोच जयंतीची वर्गणी मुकाट देतो. पावती मागितली की ऐकावं लागते, "चळवळीवर विश्वास नाही काय बे?" अरे, मुकादमावर विश्वास आहे म्हणूनच तर त्याच्यासमोर बसून पैसे मोजतो ना आम्ही!

यंदाच्या जयंतीच्या मीटिंगात मी एकच मागणार आहे. १५ एप्रिलला सकाळी जमाखर्चाचा कागद विहाराच्या भिंतीवर लागला पाहिजे, मंडपवाल्याला आणि बँडवाल्याला किती दिले त्या आकड्यांसकट. कोण हात वर करते ते पाहू.