ध्रुव आणि आप्तवाक्य

मी धुळ्याचा, व्यापारी जहाजांवरचा डेक ऑफिसर. धुळ्यात ध्रुवतारा क्षितिजापासून सुमारे २१ अंशांवर दिसतो. गावाचा अक्षांशही जवळजवळ तेवढाच. सेक्स्टंटने तो कोन मोजणे हे न्यायशास्त्रातले प्रत्यक्ष, आणि त्यावरून जागा ठरवणे हे अनुमान. जीपीएस मात्र शब्दप्रमाण. उपग्रह सांगतो, आपण मानतो. पण खोटे संकेत सोडून जहाज पडद्यावर भलतीकडेच दाखवता येते, तसे घडलेही आहे. मग सांगणारा आप्त, म्हणजे विश्वास ठेवण्याजोगा, आहे, हे ठरवायचे कशावरून?

याचे उत्तर मला भास्कराचार्यांकडे मिळते. चाळीसगावजवळच्या पाटण्यात या गणिती-ज्योतिर्विदाच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांचा नातू चांगदेव याने मठ स्थापला. भास्कराचार्यांनी ११५० च्या ‘सिद्धान्तशिरोमणी’त अनेक यंत्रे वर्णिली आणि बुद्धीलाच श्रेष्ठ यंत्र म्हटले. मला ते पटते. म्हणून तरुण अधिकाऱ्यांनो, आकाश निरभ्र असेल त्या संध्याकाळी एक तरी तारा स्वतः मोजा.