दुसऱ्या बाजूची पत्रं

जी. ए. कुलकर्णी आयुष्यभर सभा, सत्कार, मुलाखती यांच्यापासून अंग राखून राहिले. धारवाडच्या कॉलेजात इंग्रजी शिकवावं, कथा लिहाव्यात आणि दार लावून घ्यावं. ‘काजळमाया’ला १९७३चं साहित्य अकादमी पारितोषिक मिळालं, पण प्रकाशनाच्या तारखेवरून वाद निघताच त्यांनी ते परत करून टाकलं. कानडी गावात बसून मराठी लिहिणाऱ्या माणसाचं आपल्या सोलापूरकरांना नवल वाटायचं कारण नाही. इथे एकेका बोळात चार भाषा नांदतात. नवल याचं, की हाच माणूस सुनीताबाई देशपांड्यांना पत्र लिहायला बसला की पानंच्या पानं मोकळा होत असे.

डिसेंबर १९८७मध्ये जी. ए. गेले. पुढे त्यांच्या निवडक पत्रांचा जो पहिला खंड निघाला, तो सुनीताबाईंना लिहिलेल्या पत्रांचा. सुनीताबाईंची जी. एं.ना गेलेली पत्रं ‘प्रिय जी. ए.’ या नावाने आली, ती नंतर. मधल्या काळात वाचकाच्या हाती एकच आवाज होता. समोरून काय विचारलं गेलं, कुठे टोकलं गेलं, कुठल्या वाक्याने हा अबोल माणूस इतका बोलता झाला, हे सगळं तर्काने भरून काढायचं. एसटीत शेजारच्याचं फोनवरचं बोलणं ऐकून आपण अक्कलकोट यायच्या आत निकाल देऊन टाकतो, तसलाच हा प्रकार.

फ्रान्समध्ये हेच पूर्वी घडून गेलं होतं. जॉर्ज सांद ही पुरुषी नावाने लिहिणारी कादंबरीकार आणि तिच्याहून सतरा वर्षांनी लहान गुस्ताव फ्लोबेर. १८६३मध्ये त्याच्या ‘सलांबो’वर टीकाकार तुटून पडले, तेव्हा सांदबाईंनी वर्तमानपत्रातून त्याची बाजू घेतली. तिथून सुरू झालेली पत्रं १८७६मध्ये त्या वारल्या तेव्हाच थांबली. पटत मात्र दोघांचं फारसं नव्हतं. तो एकेका वाक्यापायी दिवस घालवणारा, त्या रोज रात्री पानं हातावेगळी करून सगळ्या गोतावळ्याचा खर्च चालवणाऱ्या. लेखकाने आपल्या लेखनात दिसता कामा नये, हा त्याचा हट्ट. काळीज बाजूला ठेवून लिहायचं तरी कशाला, हा त्यांचा सवाल. वर्षानुवर्षं भांडले. पण १८७५मध्ये भाचीच्या नवऱ्याला वाचवताना फ्लोबेर कफल्लक व्हायची पाळी आली, तेव्हा आवाक्यात असेल तर तुझं घर मीच विकत घेते, तू मरेपर्यंत त्यातच राहा, असं लिहिणाऱ्याही सांदबाईच.

या दोघांची पत्रंही आधी वेगवेगळ्या पुस्तकांतच छापली गेली. त्याचं पत्र आणि त्यावर तिचं उत्तर, अशी लागोपाठ लावलेली नीट आवृत्ती आल्फोंस जाकोब्स या अभ्यासकाने काढली, ती १९८१मध्ये. सुटी वाचली तर फ्लोबेर नुसता कुरकुऱ्या वाटतो आणि सांदबाई उपदेश करणाऱ्या आत्याबाई. लागोपाठ वाचली की कळतं, तो कुरकुरतो कारण ऐकणारं कोणी आहे याची त्याला खात्री आहे.

पत्राचा स्वभावच असा, की आपण लिहिलेलं समोरच्याकडे जातं. घरातल्या ट्रंकेत उरतात ती दुसऱ्याची पत्रं. भाऊ-भाऊ वेगळे झाले, मैत्रिणी दुरावल्या, की जो तो ती बाहेर काढून दाखवतो: बघा, त्याने मला काय लिहिलं! आपण काय लिहिलं होतं, त्याचा पुरावा दुसऱ्या गावात. आणि आठवण तर सोयीने धुऊन निघालेली असते.

आता मोबाइलमध्ये दोन्ही बाजू एकाखाली एक असतात. आपली सबब संपली, असं वाटलं होतं. पण नात्यातल्या ग्रुपवर फिरणारे स्क्रीनशॉट पाहा. आपली वाक्यं कापून तेवढंच त्याचं उत्तर ठेवलेलं असतं. पूर्वी टपालखात्यामुळे जे आपोआप व्हायचं, ते आता आपण बोटाने करतो. कायद्याने पत्राचा कागद ज्याला आलं त्याचा आणि मजकूर लिहिणाऱ्याचा; स्क्रीनशॉट पाठवणाऱ्याला यातलं काहीच विचारावंसं वाटत नाही.

जी. एं.चा पहिला खंड वाचलेल्यांनी ‘प्रिय जी. ए.’ शेजारी घेऊन, तारखा जुळवत, तो पुन्हा वाचावा. काम वेळखाऊ आहे, दोन्ही पुस्तकांत बोटं अडकून बसतात. पण सुनीताबाई किती चांगल्या वाचक होत्या, हे त्याशिवाय कळणार नाही.