मांजरीचे सलाइन



४ ऑक्टोबरला असिसीकर संत फ्रान्सिस ह्यांचा सण येत आहे. त्यानिमित्त प्राण्यांविषयी काही लिहा, असे फादरांनी सुचवले तेव्हा मी लगेच होकार दिला. घरी आल्यावर मात्र वाटले, ह्या विषयावर लिहिण्यास आपण लायक आहोत का? गेले आठ महिने ह्याच विषयावरून आमच्या घरात बरीच बोलाचाली झाली आहे, आणि थोडीफार चर्चच्या आवारातही.

आमच्याकडे सोळा वर्षांची एक मांजर आहे. तिचे नाव मनी. नावात विशेष काही नाही. आमच्या आळीत निम्म्या मांजरी मनीच आहेत. ती माझ्या आईची. आई तीन वर्षांपूर्वी प्रभुघरी गेली, मनी मागे राहिली. मांजरीची सोळा वर्षे म्हणजे माणसाची ऐंशी. ह्या वर्षाच्या सुरुवातीला ती न्हाणीघरातल्या बादलीतले पाणी सारखे पिऊ लागली, पाठीची हाडे हाताला लागू लागली आणि कधी नव्हे ते पलंगाखाली लघवी करू लागली. पशुवैद्यांनी रक्त तपासले. मूत्रपिंडे निकामी होत आली होती. म्हाताऱ्या मांजरींमध्ये हा आजार फार आढळतो. मांजर दुखणे लपवते, आणि मूत्रपिंडाचे साधारण पाऊण काम बंद पडेपर्यंत रक्तातले क्रिएटिनिनही फारसे वाढत नाही. त्यामुळे आपल्याला कळते तेव्हा उशीर झालेला असतो. आजार बरा होत नाही, फक्त दिवस जरा सुखाचे करता येतात.

त्यासाठी डॉक्टरांनी मला सलाइन लावायला शिकवले. खांद्यांमधली सैल कातडी चिमटीत धरून सुई खाली सरकवायची आणि १०० मिलिलिटर रिंगर लॅक्टेट सोडायचे, एक दिवसाआड. पाठीवर पाण्याचा उंचवटा येतो आणि काही तासांत जिरून जातो. सुका बोंबील बंद, खारे बंद, फॉस्फरस कमी असलेले तयार खाद्य सुरू. (जाता जाता एक सांगतो, ज्यांच्या घरी मांजर आहे त्यांनी लक्षात ठेवावे: ताप वाटला म्हणून तिला आपली पॅरासिटामॉलची गोळी कधीही देऊ नका. एका गोळीनेही मांजर दगावते.)

हे सगळे एका रविवारी मिस्सानंतर मी कुणाला तरी सांगत होतो. शेजारी उभे असलेले एक ज्येष्ठ सद्गृहस्थ म्हणाले, "मांजरीला सलाइन? इथे माणसांना डायलिसिसला पैसे मिळत नाहीत." बोलणे तिथेच थांबले. आपल्या धर्मग्रामात आठवड्यातून दोनदा डायलिसिसला जाणारे कोण आहेत, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होते.

मला राग आला. घरी येऊन मी हिशेब मांडला. मनीचा महिन्याचा खर्च दोन-अडीच हजार. मागच्या नाताळात आमच्याच घराच्या रोषणाईवर आणि फटाक्यांवर ह्याहून जास्त गेले होते, पुतण्याच्या लग्नातल्या बँडची तर गोष्टच सोडा. तेव्हा कुणी डायलिसिसची आठवण काढली नव्हती. युक्तिवाद चांगला होता. पण दुसऱ्या खर्चाकडे बोट दाखवून पहिला खर्च योग्य ठरत नाही, हे मी शाळेत मुलांना तीस वर्षे सांगत आलो आहे.

म्हणून कॅटेकिझम उघडला. पोप दुसरे जॉन पॉल ह्यांच्या अधिकारात १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या ह्या ग्रंथात परिच्छेद २४१६ ते २४१८ प्राण्यांविषयी आहेत. प्राणी ही देवाची निर्मिती आहे, आपण त्यांच्याशी मायेने वागले पाहिजे, असे तिथे म्हटले आहे आणि दोन संतांची आठवण काढली आहे: फ्रान्सिस आणि फिलिप नेरी. फिलिप नेरींची हकिगत मला फार आवडते. १५८३ साली ते रोममध्ये आपले जुने निवासस्थान सोडून दुसरीकडे राहायला गेले, पण त्यांची मांजर जुन्या घरीच राहिली. मग तिला खाऊ घालायला ते शिष्यांना पाठवत, आणि मोठमोठ्या लोकांसमोर "मांजर नीट जेवली का?" असे विचारत. कार्डिनलांसमोरही! शिष्यांना नम्रता शिकवण्याची ती एक तऱ्हा होती म्हणतात. असेलही. पण मांजर जेवत होती, हेही खरे.

इथपर्यंत वाचून मी खूश होतो. मग २४१८ वाचला. प्राण्यांना विनाकारण दुःख देणे माणसाच्या प्रतिष्ठेला शोभत नाही, आणि जो पैसा आधी माणसांच्या दुःखनिवारणाला जायला हवा तो प्राण्यांवर उधळणेही शोभत नाही. प्राण्यांवर प्रेम करावे, पण जी माया केवळ माणसांचा हक्क आहे ती त्यांच्याकडे वळवू नये. म्हणजे ते सद्गृहस्थ अगदीच चुकलेले नव्हते.

पैशाचा प्रश्न त्यामानाने सोपा होता. पत्नीने सुचवले, मनीवर महिन्याला जेवढे खर्च होतात तेवढेच पाकिटात घालून सेंट व्हिन्सेंट डी पॉलच्या मंडळींकडे द्यायचे, आणि आधी ते द्यायचे, मग औषधाच्या दुकानात जायचे. हे लिहायला मला संकोच वाटतो, उजव्या हाताचे डाव्या हाताला कळू नये म्हणतात. शिवाय ही सदसद्विवेकबुद्धीची समजूत काढणे आहे की काय, अशी शंका अजून येते. पण पाकीट चालू आहे.

मायेच्या प्रश्नाने मात्र मला झोप लागू दिली नाही.

एका रात्री मनीने माझ्या पांघरुणावर लघवी केली. मी उठलो, चादर बदलली, तिला पुसून टोपलीत ठेवले आणि "राहू दे गं" म्हणालो. आणि एकदम आईचे शेवटचे वर्ष आठवले. तिचेही अंथरूण ओले व्हायचे. चादर तेव्हाही मीच बदलायचो, पण माझा आवाज चढलेला असायचा. "हाक मारता येत नाही का?" असे मी तिला म्हटले आहे, एकदा नव्हे, अनेकदा. ती भिंतीकडे तोंड करून पडून राहायची. तिच्या मांजरीला जे मिळते आहे ते तिला मिळाले नाही.

असे का झाले असावे, ह्याचा मी पुष्कळ विचार केला. मांजर उलट बोलत नाही. तिला आपला थकवा कळत नाही, म्हणून आपल्याला लाजही वाटत नाही. आईच्या नजरेत मात्र मी मुलगा होतो. तिची असहायता मला बघवत नव्हती आणि ते मी रागाने झाकत होतो. २०२२च्या जानेवारीत पोप फ्रान्सिस म्हणाले होते की काही घरांत मुलांची जागा कुत्र्या-मांजरांनी घेतली आहे. तेव्हा त्यावर बरीच टीका झाली, मलाही ते बोलणे कठोर वाटले होते. आता वाटते, मुलांच्याच बाबतीत नव्हे, म्हाताऱ्यांच्या बाबतीतही आपण सोपी माया निवडतो. ह्याचा अर्थ मनीला वाऱ्यावर सोडावे असा मी काढत नाही. नाथान संदेष्ट्याच्या दाखल्यातला गरीब माणूस आपल्या मेंढीला ताटातले भरवत होता, तिला उराशी घेऊन निजत होता. त्याला कुणी दोष दिला नाही. मनीची सेवा करताना मी जे शिकलो ते आता सत्तरी ओलांडलेल्या माझ्या थोरल्या बहिणीच्या वाट्याला यावे, एवढा प्रयत्न करतो. ती दमेकरी आहे आणि भारी बोलते. दर बुधवारी तिच्याकडे जातो. जमते असे नाही.

एक प्रश्न उरतो. डॉक्टर म्हणाले आहेत की मनीने खाणेपिणे सोडले, वेदना आवरेनाशा झाल्या, तर तिला इंजेक्शन देऊन झोपवता येईल. कॅटेकिझम माणसाच्या बाबतीत हे ठामपणे नाकारतो. पण आयुष्य ओढून लांबवणारे जाचक उपचार थांबवता येतात आणि वेदना शमवणारी औषधे देता येतात, हेही सांगतो. आमचा मुलगा विचारतो, "मांजरीला दया आणि माणसाला नाही?" मी त्याला सांगितले, माणूस शेवटच्या दिवशीही क्षमा मागू शकतो, क्षमा करू शकतो, आपले दुखणे क्रूसाजवळ ठेवू शकतो. मनीला त्यातले काही करता येत नाही. तिला फक्त दुखते. त्याला हे पटले नाही. पण माझी आई गेली त्याच्या आदल्या रात्री तिने माझा हात धरून "तू दमलास रे" म्हटले होते. ती रात्र आधीच कुणी आटोपती घेतली असती तर? हे मी त्याला अजून सांगितलेले नाही. हा अंक घरी येईल तेव्हा तो वाचेलच.

मंगळवारी मनीने औषधी खाद्य हुंगून सोडून दिले. बुधवारीही तेच. डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, "आता जे खाईल ते द्या." पत्नीने सुका बोंबील स्वच्छ धुऊन, भाजून, बारीक तुकडे करून पुढे ठेवला. मनीने अर्धा खाल्ला आणि आईच्या खुर्चीवर चढायचा प्रयत्न केला. चढवत नव्हते, म्हणून मी उचलून ठेवली.