पदरमोड

२८ जुलै २०२४. फ्रान्समधलं लील शहर. ऑलिम्पिकमध्ये दक्षिण सुदानच्या बास्केटबॉल संघाचा हा पहिलाच सामना. खेळाडू रांगेत उभे राहिले आणि राष्ट्रगीत वाजू लागलं ते सुदानचं! ज्या देशापासून वेगळं होण्यासाठी त्यांच्या बापआज्यांच्या पिढ्या युद्धात होरपळल्या, त्याचं. चूक लक्षात आली, गीत थांबलं. पुढची काही मिनिटं ती उंचच उंच पोरं छातीवर हात ठेवून तशीच उभी होती. प्रेक्षकांनी टाळ्या वाजवून त्यांना धीर दिला. अखेर त्यांचं गीत लागलं. मग त्यांनी पोर्तो रिकोला ९०-७९ असं हरवलं.

या संघामागे लुओल डेंग उभा आहे. १९८५ साली वाऊ शहरात जन्मलेला. यादवीमुळे घर सुटलं, कुटुंब इजिप्तला गेलं. तिथे त्यांच्याच डिंका समाजातल्या मनूट बोल या एनबीएच्या, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगच्या, सात फुटी खेळाडूनं लुओलच्या थोरल्या भावाला खेळ शिकवला. थोरल्याच्या मागोमाग धाकटा आला. पुढे लंडनमध्ये आश्रय, मग अमेरिका आणि २००४ साली एनबीए. शिकागो बुल्सकडून खेळताना तो दोनदा ऑल-स्टार झाला. पण मला जास्त मोलाचं वाटतं ते वेगळंच. सलग दोन मोसम अख्ख्या एनबीएमध्ये दर सामन्यात सरासरी सर्वाधिक वेळ मैदानावर राहिलेला खेळाडू तोच होता. दमला म्हणून बसणं त्याला जमतच नसावं.

२०१९ मध्ये निवृत्त झाल्यावरही तो बसला नाही. दक्षिण सुदानच्या बास्केटबॉल महासंघाचा अध्यक्ष झाला. तिजोरीत खडखडाट. विमानाची तिकिटं, हॉटेलं, सरावाच्या जागेचं भाडं, सगळ्यासाठी त्यानं पदरमोड केली. ऑस्ट्रेलिया, अमेरिका, केनिया, युगांडा अशी कुठे कुठे वाढलेली निर्वासितांची मुलं त्यानं एका जर्सीखाली आणली. २०२३ च्या पहिल्याच विश्वचषकात त्यांनी अंगोलाला १०१-७८ असं नमवलं आणि ऑलिम्पिकचं दार उघडलं. पॅरिस ऑलिम्पिकच्या आधी लंडनमधल्या सराव सामन्यात खुद्द अमेरिकेला त्यांच्यावर जेमतेम एका गुणानं मात करता आली.

आणि हे सारं होत असताना त्यांच्या देशात छताखालचं एकही बास्केटबॉल मैदान नव्हतं. पोरं उघड्यावर खेळायची. पाऊस आला की खेळ थांबायचा.