कोपरची तार, आळंदीची भिंत

पावसाची पहिली सर आली की कोपर स्टेशनच्या खालच्या फलाटावर डोक्यावरून 'चर्र' असा आवाज ऐकू येतो. उन्हाळाभर इन्सुलेटरवर साचलेली धूळ आणि खाडीवरचा खारटपणा भिजतो, आणि लोकलच्या तारेतली २५ हजार व्होल्टची वीज त्या ओल्या पृष्ठभागावरून वाट शोधू लागते. इन्सुलेटरला एकाखाली एक झालरी असतात त्या ही वाट लांबवण्यासाठीच.

तार जड आणि तिच्याखाली लोकलची वाट पाहणारा माणूस चेतन, ही वाटणी आपल्या अंगवळणी पडली आहे. हिशेब मात्र वेगळंच सांगतो. तारेपासून रुळापर्यंत सरासरी मीटरमागे साडेचार हजार व्होल्ट पडतात. माणसाच्या चेतापेशीचं आवरण मिलिमीटरच्या दोन लाखाव्या भागाइतकं पातळ, आणि आत-बाहेरचा फरक ७० मिलिव्होल्ट. म्हणजे मीटरमागे जवळपास दीड कोटी व्होल्ट! कोरडी हवा तर ३० लाखांनाच फुटते आणि ठिणगी पडते.

मग जीव म्हणजे वीजच का?

जडवादी चार्वाकांनी हो म्हटलं असतं. आंबवणाऱ्या किण्वापासून जशी मद आणणारी शक्ती येते, तसं चार भूतांच्या संयोगातून चैतन्य येतं, असं त्यांचं म्हणणं. पण एक गोष्ट उरतेच. तारेला दाब सबस्टेशनातून मिळतो. पेशी तो स्वतः उभा करते. तिच्या आवरणातले पंप दर फेरीला तीन सोडियम बाहेर टाकतात, दोन पोटॅशियम आत घेतात, झोपेतसुद्धा. त्यांना इंधन मिळेनासं झालं की आत-बाहेरचा फरक मिटत जातो. थरथरणाऱ्या हृदयाला डॉक्टर विजेचा झटका देतात तेव्हाही जीव बाहेरून ओतला जात नाही. गोंधळलेल्या पेशी क्षणभर एकदम थांबतात आणि हृदयाची स्वतःची लय पुन्हा सूत्रं हाती घेते.

वाघावर बसून आलेल्या चांगदेवांना सामोरं जायला ज्ञानदेवांनी भिंत चालवली, ही आख्यायिका मराठी घरात लहानपणीच कानावर पडते. ती भिंत आजही आळंदीत दाखवतात. जड आणि चेतन यांच्यात पक्की सीमा नाही, ही तिच्यामागची श्रद्धा. विज्ञान भिंत चालवत नाही, पण तारेतली आणि मेंदूतली वीज एकाच नियमाने चालते असं सांगून त्या सीमेची एक बाजू तरी पुसतं.

जीव म्हणजे वीजच का, हा प्रश्न खरा टोचतो तो अतिदक्षता विभागाच्या दाराशी. १९९४च्या अवयव प्रत्यारोपण कायद्याने मेंदूस्तंभाचा मृत्यू हा मृत्यू मानला. चार डॉक्टरांचं मंडळ सहा तासांच्या अंतराने दोनदा तपासतं. त्या वेळी व्हेंटिलेटरच्या आधाराने हृदय चालूच असतं, त्याच्या पेशींमधला विजेचा फरक शाबूत असतो, हात कोमट लागतो. नातेवाईक विचारतात, "जीव आहे ना अजून?" डॉक्टर तपासणीचा निकाल सांगतात. आणि आई तो कोमट हात धरून बसते.