सवय कुणाला असते?

दिवाळी उलटली की शिरूर आणि दौंडच्या ऊसपट्ट्यात बीड, अहिल्यानगरकडच्या टोळ्या उतरतात. न्हावरे, पाटसच्या आसपास माळावर कोप्या उभ्या राहतात आणि फडात कोयते चालू होतात. नवरा तोडतो, बायको मोळ्या बांधते. 'डोकी सेंटर' असेल तर मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकात चढायचं. मोळी तीस-चाळीस किलोंची सहज भरते. पाहणाऱ्याला कसंसं झालं, तर शेजारचं कुणीतरी हमखास म्हणतं, "त्यांना सवय असते."

हे वाक्य दिसतं शरीरशास्त्राचं, पण काम करतं नीतिशास्त्राचं. शरीराला झेपतं, म्हणून लादायला हरकत नाही, असा त्याचा खरा अर्थ. तेव्हा आधी शरीरशास्त्रच तपासलेलं बरं.

स्नायूला हाडाशी बांधते ती कंडरा, हाडाला हाडाशी बांधतो तो अस्थिबंध. बोलताना आपण दोन्हींना 'शीर' म्हणून मोकळे होतो. सुश्रुताने या बंधांची तुलना होडीशी केली आहे: फळ्या नीट बांधलेल्या असल्या की होडी पाण्यात भार पेलते, तसं शरीर या बंधांमुळे पेलतं. उपमा अजूनही चोख आहे. फक्त ही बांधणी आतून कशी वागते ते आता मोजता येतं. कोलॅजनचे तंतू एरवी नागमोडी असतात. ओढ बसली की आधी ती नागमोड सरळ होते, त्यामुळे पहिले एक-दोन टक्के लांबणं जवळजवळ फुकट पडतं. पुढे ताण आणि लांबी सरळ रेषेत वाढतात. साधारण चार टक्क्यांपुढे आतले तंतू सुटू लागतात आणि आठ-दहा टक्क्यांच्या आसपास सगळंच तुटतं. इंजिनियरिंगच्या पहिल्या-दुसऱ्या वर्षी सळईचा असाच आलेख आम्ही काढला होता.

फरक इतकाच की सळई स्वतःची डागडुजी करत नाही, कंडरा करते. भार पडला की तिच्यातल्या पेशी नवं कोलॅजन बनवतात, पण त्याच वेळी जुनं मोडलंही जातं. जड कामानंतर पहिला दिवस-दीड दिवस मोडण्याची बाजू वरचढ असते. बांधणी पुढे निघते ती त्यानंतर, आणि साधारण तिसऱ्या दिवसापर्यंत चालू राहते. म्हणजे ज्याला आपण 'सवय' म्हणतो, ती ओझं उचलताना होत नाही. ती ओझं खाली ठेवल्यानंतर होते. दुसऱ्या पहाटे पुन्हा तेवढीच मोळी आली, तिसऱ्या पहाटेही आली, तर खातं उणेच राहतं. आणि स्नायू दुखून लगेच सांगतो, कंडरा मात्र बराच काळ गप्प असते.

आता हिशेब पाहा. मजुरी टनावर. हंगामाआधी घेतलेली उचल फेडायची. एक दिवस पडून राहिलं तर 'खाडा', आणि खाड्याला दंड. शरीराला सवय होण्यासाठी जे लागतं, नेमकं तेच या व्यवहारात गुन्हा ठरतं. मग "सवय असते" म्हणायचं कशाच्या जोरावर?

२०१३ साली डेन्मार्कमधल्या संशोधकांनी टाचेवरच्या कंडरेचं वय काढलं. पन्नास-साठच्या दशकांतल्या अणुचाचण्यांमुळे हवेत वाढलेला कार्बन-१४ त्यांना पुराव्यासारखा वापरता आला. निष्कर्ष असा की कंडरेचा गाभा वयाच्या साधारण पहिल्या सतरा वर्षांत घडतो, नंतर तो जवळपास बदलला जात नाही. आईबापांमागे फडात येऊन चौदाव्या वर्षी मोळी उचलणाऱ्या मुलीला चाळिशीतही त्याच दोरीवर उभं राहायचं आहे.

भार वाईटच, असं मात्र नाही. प्लास्टरमध्ये काही आठवडे राहिलेल्या सांध्याचे अस्थिबंध कमकुवत होतात आणि सावरायला कित्येक महिने घेतात. लॅपटॉपवर माझं मनगट धरलं, तेव्हा डॉक्टरांनी आधी विश्रांती आणि मग हळूहळू भाराचा व्यायाम दिला. त्या विश्रांतीचा पगार मला मिळाला. फडातल्या बाईच्या आणि माझ्या कोलॅजनमध्ये काही फरक नाही. फरक आहे तो रजेत.

तोडणारी बाईही म्हणते, "सवय झालीय आता." तिने म्हणणं वेगळं. त्यात कसब आहे, थोडा अभिमानही आहे, आणि तो पुसण्याचा अधिकार मला नाही. पण तिचं वाक्य उसनं घेऊन तिच्या डोक्यावर मोळी ठेवणं, ही चलाखी झाली.

गंमत म्हणजे ऊस ओढणाऱ्या बैलाबद्दल १९६५चे केंद्राचे नियम आहेत: दिवसात एकूण नऊ तासांवर काम नाही, सलग पाच तासांवर नाही, पारा ३७ अंशांपुढे जातो तिथे दुपारी बारा ते तीन जुंपायचं नाही. पाळले किती जातात तो भाग वेगळा, पण बैलाला सवय असते असं म्हणून कुणी तो कागद कोरा ठेवला नाही.

यावर कारखान्याची बाजू अशी की तोडलेला ऊस लवकर गाळला नाही तर उतारा घसरतो, म्हणून तोड थांबवता येत नाही. मुद्दा खरा आहे. हार्वेस्टर आणा म्हणावं, तर ओझ्याबरोबर मजुरीही जाते. पण गाळप चोवीस तास चालतं म्हणून कारखान्याच्या आत कुणी एकच माणूस चोवीस तास उभा करत नाही. तिथे पाळ्या असतात, आठवड्याची सुटी असते. फडात पाळी नावाची गोष्टच नाही.