सहा जानेवारीचा मूर्ख

वहिनी : पैसे बुडाले, तरी निर्णय चांगला होता असं म्हणता येतं का, भाऊजी?

मी : येतं. सत्यम कॉम्प्युटर घ्या. एकाने वर्षानुवर्षांचे वार्षिक अहवाल वाचले, नफा पाहिला, बँकेतली रोकड पाहिली, नामांकित ऑडिटरची सही पाहिली आणि शेअर घेतला. ७ जानेवारी २००९ ला कंपनीचे अध्यक्ष रामलिंग राजू यांचं कबुलीचं पत्र आलं. पाच हजार कोटींहून जास्त रोकड नुसती कागदावर. एका दिवसात भाव १७९ वरून ४० वर. त्या माणसाने करण्याजोगं काय करायचं ठेवलं होतं?

वहिनी : आणि दुसरा? तुमच्या गोष्टीत नेहमी दुसरा असतो.

मी : दुसऱ्याने एकही कागद उघडला नव्हता. त्या पत्राआधी, १६ डिसेंबरला राजूंनी जाहीर केलं की सत्यमच्या पैशाने घरच्यांच्या मेटास कंपन्या विकत घेणार. गदारोळ झाला, काही तासांत बेत रद्द. दुसऱ्या दिवशी शेअर तीस टक्के आपटला. हा घाबरला, १६० च्या आतबाहेर विकून मोकळा झाला. ६ जानेवारीला भाव पुन्हा १७९. म्हणजे त्या संध्याकाळी तो मूर्ख आणि दुसऱ्या दिवशी शहाणा. मधल्या रात्री तो फक्त झोपला होता.

वहिनी : घाबरायला अक्कल लागत नाही, हे कुणी ठरवलं? गॅसचा वास आला की मी आधी खिडकी उघडते, गळती कुठे ते मग शोधते. मालक कंपनीची तिजोरी घरच्यांकडे वळवू पाहतोय हे कळायला ताळेबंद कशाला हवा? आणि तुमचा अभ्यासू तेव्हा काय करत होता? वर्ल्ड बँकेने त्या कंपनीवर बंदी घातल्याचं बाहेर आलं, स्वतंत्र संचालक एकेक करून राजीनामे देऊन गेले. हा अहवालच वाचत बसला.

मी : ते आज इतकं स्पष्ट दिसतं. तेव्हा दर महिन्याला कुठल्या ना कुठल्या कंपनीबद्दल असा वास येत होता. २००८ साल होतं ते. प्रत्येक वासाला विकणारा वर्षाअखेर दलाली भरूनच थकला असता.

वहिनी : मग चांगली रीत ओळखायची कशी? परिणामावरून नाही म्हणता.

मी : एका परिणामावरून नाही. त्याच रीतीने शंभर वेळा वागलं की कळतं.

वहिनी : शंभर वेळा कोण वागतं? ह्यांनी आयुष्यात मोठे निर्णय घेतले चार. घर, नोकरी सोडणं, ते शेअर आणि ऑपरेशन पुढे ढकलणं. त्याची सरासरी काढून दाखवा मला.

(दादा जाऊन आता बराच काळ झाला. शेअर अजून तसेच आहेत.)

मी : स्वतःचे निर्णय पुरत नसतील तर इतरांचे मोजायचे. सेबीने मोजले. २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत फ्युचर्स-ऑप्शन्समध्ये उतरलेल्या सामान्य माणसांपैकी ९३ टक्के तोट्यात. उरलेल्या सातांतला एखादा आज क्लास काढून शिकवत असेल. त्याचा निर्णय चांगला म्हणाल?

वहिनी : नाही म्हणणार. पण सेबीने मोजलं काय? नफा आणि तोटाच ना? मग तुम्हीही रीत परिणामावरूनच ओळखलीत. फक्त दुसऱ्यांच्या.

याला माझ्याकडे उत्तर असायला हवं होतं. मी नोंदवहीकडे वळलो. शेअर घेतानाच का घेतला ते तारीख घालून लिहून ठेवावं, म्हणजे पुढे भाव काहीही झाला तरी मूळ कारण तपासता येतं.

वहिनी : लिहिणार तुम्ही, तपासणार तुम्ही. सत्यमला निदान ऑडिटर तरी बाहेरचा होता.

मी : बरं, २३ मार्च २०२० आठवा. सेन्सेक्स एका दिवसात ३,९३४ अंकांनी पडून सव्वीस हजारांच्या खाली. पुढच्या जानेवारीत त्याने पन्नास हजारांना हात लावला. तेव्हा न विकणारे आता धीरावर व्याख्यानं देतात. त्यांतले किती जण डीमॅटचा पासवर्ड विसरले होते?

वहिनी : असतील. आणि सत्यमचाही पासवर्ड विसरलेला कुणी असेलच. त्याचं काय झालं?

मी : टेक महिंद्राने कंपनी घेतली. २०१३ च्या विलीनीकरणात सत्यमच्या १७ शेअरना टेक महिंद्राचे २ मिळाले, २०१५ च्या बोनस आणि विभाजनानंतर त्या दोनांचे आठ झाले. पुढे त्या शेअरने हजार ओलांडले. म्हणजे ६ जानेवारीच्या तीन हजारांचे आठ हजारांच्या वर.

वहिनी : म्हणजे तिघांत विसराळूही तरला.

मी : तरला कसला? त्या दिवशी सेन्सेक्स दहा हजारांच्या थोडा वर होता, २०२४ मध्ये ऐंशी हजारांपार गेला. तुलनेत तो मागेच पडला.

वहिनी : पुन्हा परिणाम. असू दे. ह्यांचे शेअर विकू का ते सांगा.

मी : आज हातात तेवढी रोख असती, तर त्याच भावाने तोच शेअर घेतला असतात? नसेल तर विका. ठेवणं म्हणजे रोज नव्याने घेणंच.

वहिनी : मग तुमच्या अभ्यासूनेही १७ डिसेंबरनंतर रोज नव्याने सत्यम घेतला. त्याला इतका वेळ सूट का देत होतात? आणि तुमच्याकडचा तो पंख्यांच्या कंपनीचा शेअर? आज घ्याल?

मी : आज नाही घेणार. पण तो मी वरच्या भावात घेतलाय. तेवढा भाव परत आला की काढतो.

वहिनी : तुमचा खरेदीचा भाव त्या कंपनीला कुणी कळवलाय?

मी : या तिमाहीचे आकडे येऊ देत.